तुळईच्या टोकाशी

सर, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी तुमच्यासमोर कागद ठेवायची भीती गेलेली नाही. पनवेलचं ते ऑफिस, खाली पिठाची गिरणी. ती सुरू झाली की आपली टेबलं थरथरायची. मी आकडेमोड पुढे केली की तुम्ही ती पालथी ठेवायचात. "कॉन्व्हेंटवाल्या बाई, इंग्रजी राहू द्या. वजन कुठून येतं आणि कुठे उतरतं, बोटाने दाखवा." मी बोट फिरवायचे. वरच्या खांबाचं वजन तुळईच्या काँक्रीटमधून, जणू दोन तिरक्या टेकूंनी, खाली उतरतं, आणि टेकूंचे पाय फाकू नयेत म्हणून खालच्या सळया त्यांना बांधून धरतात. बोट टोकाला थांबलं की तुम्ही खेकसायचात, "आणि सळईला धरलंय कोणी? हवेने?"

गेल्या आठवड्यात माझी जुनी ज्युनियर घरी आली. लॅपटॉपवर तिने तोच टेकू आणि सळयांचा सांगाडा दाखवला, रंगीत, सगळीकडे हिरवं, म्हणजे सगळं सुरक्षित. मग ड्रॉइंग. सळया आधाराच्या खांबाच्या कडेशीच संपलेल्या, टोकं वळवलेलीही नाहीत. मी तिची सालटी काढली. "सळया किती ते सॉफ्टवेअर सांगतं. त्या रुतवायच्या कशात, ते काय तुझा बाप बघणार?" ती मान खाली घालून म्हणाली, "मॅडम, हे डिटेल तुमच्याच खारघरच्या टॉवरचं आहे. तिथूनच कॉपी केलं."

तिचा चहा तसाच निवला, माझाही. तो टॉवर मी निवृत्तीच्या वर्षी केला. हिरवं दिसलं आणि सही केली. या पोरींना नावं ठेवत फिरणारी मी! तेव्हापासून फोन वाजला की वाटतं, खारघरहूनच आला.

दुसऱ्या दिवशी खारघरला गेले. पार्किंगमध्ये त्या तुळईच्या टोकाखाली मान वर करून उभी राहिले. नुकताच रंग दिलाय; भेग असली तरी दिसायची नाही. वॉचमन आला. "काय बगताय म्याडम? तुमची गाडी हितं नाय." त्याच्यामागे एक बाई मुलीला सायकल शिकवत होती, अगदी तुळईखाली. "मैत्रिणीकडे आलेय," मी म्हटलं. खोटं बोलताना जीभ जराही अडखळली नाही, सर.

आज कागद घेतला तो खरं तर त्या सोसायटीच्या सेक्रेटरीला लिहायला. तुळई उघडून तपासा, चूक माझी आहे, एवढंच लिहायचं होतं. पण वर 'सर' लिहिलं. तुम्ही आता उलट विचारणार नाही, म्हणून.