निम्मा अंदाज

सेलू,
ता. २ नोव्हेंबर १९५५

सौ. कस्तुराअक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितो. इकडे सगळे बरे आहोत. काळी म्हैस व्याली, रेडा झाला. कापूस यायला लागलाय, स्टेशनापर्यंत गाड्यांची रांग असते. दाजींचा खोकला कसा आहे?

टॅक्सचं प्रकरण मिटलं. दंड झाला नाही, नुसतं व्याज लागलं. तुला यातलं काय कळणार म्हणून तेव्हा बोललो नाही, आज सांगतो. नव्या कायद्यात वर्ष सरायच्या आधीच आपली कमाई किती होईल याचा अंदाज आपणच लिहून द्यायचा आणि त्यावर आगाऊ कर भरायचा. पुढे कमाई बरीच जास्त निघाली तर राहिलेल्या करावर व्याज. आणि अंदाज मुद्दाम कमी लिहिला असं ठरलं तर वरून दंड. तो भरायला मला कापसाच्या जिनातली माझी पाती, म्हणजे भागीच, विकावी लागली असती.

आमचा अंदाज निम्माच निघाला. जुन्या अमलात आपल्या जकात नाक्यावर वीस गाठी असल्या तर दहाच सांगायच्या, कारण नाकेदार दुप्पट धरूनच पावती फाडायचा. तीच सवय. या टॅक्सच्या साहेबांनी मात्र लिहिलं ते खरं मानलं. कागदाच्या शेवटी ओळ असते, 'वरील मजकूर खरा आहे'. तिच्याखाली सही माझी.

परभणीला बोलावणं आलं. साहेबांनी विचारलं, हा आकडा कोणाचा? मी म्हणालो, मुनिमाचा, मला न विचारता लिहिला, मी वाचला नाही. दाजी माझ्या मागेच उभे होते. ते म्हणाले, "व्हय साहेब, अक्षर माझंच हाय." साहेब म्हणाले, असा माणूस ठेवता कशाला? मी म्हणालो, आजपासून नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही चारठाण्याला निघालात. दारात तू माझ्यापुढे हात जोडलेस. "दिनू, ह्यांनी तुला लय खाली पाहायला लावलं. मला तोंड दाखवायला जागा न्हाई." मी ते हात पाहिले आणि पान चघळत बसलो.

अक्का, तुला वाचता येत नाही. म्हणजे हे पत्र दाजीच वाचत असणार. त्यांच्या तोंडावर बोलायची हिंमत नाही म्हणून तुझ्या नावानं लिहितो. दाजींनी पूर्ण आकडा लिहिला होता. तो खोडून निम्मा करायला मी लावला. ते म्हणाले होते, "दिनकरराव, आता दिस बदलल्यात, खरं हाय तेच लिवू." मी म्हणालो, मी तुम्हाला पगार लिहिण्याचा देतो, सल्ल्याचा नाही.

हे त्यांनी तुला सांगितलं नसणार. आत्ताही इथं थांबतील, घसा खाकरतील आणि म्हणतील, बाकी सगळे खुशाल. माझं झाकायची त्यांना सवयच आहे. खरं सांगतो, त्याचाच मला राग येतो. त्या दिवशी त्यांनी मला खोटं पाडलं असतं तर दंड भरून मी मोकळा झालो असतो.

साहेबांना सगळं खरं लिहून अर्ज केला. तो सोबत धाडून, टपालात टाकायचा की फाडायचा ते दाजींवर सोपवणार होतो. मग लक्षात आलं, पुन्हा त्यांच्याच गळ्यात घालतोय. आज सकाळी रजिस्टरनं पाठवला. आता दंड येईल, पातीही जाईल.

तुझं एक काम आहे. हे पत्र शाळेतल्या गुरुजींकडून पुन्हा वाचून घे. दाजी, एवढी ओळ तरी गाळू नका. दाजींनी काय काय गाळलं ते तुला कळेल. त्यानंतर भाऊबीजेला मी यावं की नाही, ते कळव. दुकानात त्यांची गादी मी उचललेली नाही, पण परत या असं म्हणायचं तोंड मला नाही.

वरील मजकूर खरा आहे.

दिनकर