दादा, अपग्रेड करू की नको?

प्रिय दादा,

‘प्रिय’ लिहिलं ते सवयीने. खरं तर तुझ्यावर मी इतकी चिडले आहे की समोर असतास तर आठवडाभर तुझ्याशी बोलले नसते. पण अबोला धरायलाही समोर माणूस लागतो ना!

आजच लिहायला का बसले, ते ऐकून हसशील. आपला बेटांचा खेळ परत आलाय. तोच, होड्या घेऊन एकमेकांची बेटं जिंकायचा, ज्याच्यापायी बारावीत माझे मार्क गेले आणि आईने मला सोडून तुला झाडूने बडवलं. आता कंपनीने तो नव्याने काढलाय. चित्रं चकाचक, होड्या मोठ्या, बेटं वाढवलेली. जुन्या खेळाडूंना महिनाअखेरपर्यंत अपग्रेड फुकट.

गेल्या आठवड्यात आमच्या दवाखान्यात दुपारी पेशंट नव्हते, तेव्हा मोबाईलवर एक व्हिडिओ समोर आला. ‘जुन्या खेळाडूंनी अपग्रेड करावं का?’ एक माणूस त्यावर पंधरा मिनिटं बोलत होता, जसा काही मुलीच्या स्थळाचा प्रश्न आहे! नाव, होडी, नाणी सगळं नव्या खेळात येतं म्हणे. जुने निरोप मात्र येत नाहीत, ते पुसले जातात. आणि एकदा वर गेलं की मागे फिरता येत नाही. ज्यांना जायचं नाही त्यांच्यासाठी जुना खेळ चालू राहणार आहे. मी म्हटलं, निरोप गेले तर गेले, मला कोण निरोप पाठवतंय?

किती शहाणी होते बघ मी.

मी हा खेळ का सोडला ते तुला आठवत असेलच. तू विसरणाऱ्यातला नव्हतास. गेल्याच्या आदल्या दिवाळीनंतरच्या रविवारी तू तलासरीला माझ्याकडे जेवायला आला होतास. पानं वाढेपर्यंत ओटीवर मोबाईल घेऊन बसलास. सासूबाई म्हणाल्या, “सुजाता, तुझा भाऊ लग्नाचा झाला तरी होड्याच चालवतो का गं?” त्यांनी मस्करी केली होती. मी गप्प बसायचं ना! पण मी म्हटलं, “त्याचं लग्न मोबाईलशीच लावून द्या, म्हणजे दोघंही सुखी.” सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्याने हसले. तूही हसलास, दोनदा आमटी मागून घेतलीस आणि चारच्या टमटमने गेलास.

त्यानंतर तू माझ्या दाराशी आला नाहीस. मीही फोन केला नाही. उलट नवऱ्यासमोर मोबाईलमधून तो खेळ काढून टाकला, म्हणजे आपण किती समजूतदार झालो ते त्यांना दिसावं. मला शिकवलंस तू, माझ्या होडीचं नाव ‘ठसका’ ठेवलंस तू, आणि सासरच्यांच्या एका हशासाठी मी तुला विकून मोकळी झाले. भोळसट होतास, एक शब्द बोलला नाहीस. का नाही बोललास? चार शिव्या दिल्या असत्यास तर तिथेच मिटलं असतं!

तर आता अपग्रेड. त्यासाठी ओटीपी लागतो, आणि तो येतो तुझ्या नंबरावर. कारण बारावीत मला मोबाईल नव्हता आणि आपल्या दोघांचीही खाती तू तुझ्याच नंबरावर काढलीस. “घरातला एक नंबर पुरे,” म्हणालास. पुढे माझा मोबाईल आला, लग्न झालं, तरी नंबर बदलायचं आपल्या दोघांनाही सुचलं नाही. दुसरं कुणी असली अक्कल चालवेल का?

परवा सुट्टी काढून आशागडला गेले. आई तुझा मोबाईल रोज चार्ज करते, तुला माहीत आहे? देवाच्या फळीवर ठेवते, हळदकुंकवाच्या बाजूला. मी मागितला तर आधी छातीशी धरला.

“कशाला पाहिजे?”

“नवीन खेळ घ्यायचाय आई, त्यावर आकडा येईल तो मला वाचून दाखव.”

“नवीन?” ती एकदम बिथरली. “वर्ष नाही झालं अजून माझ्या पोराला. घरात साधी नवीन चादर आणली नाही मी. तू खेळ घेतेस?”

मी म्हटलं, “नवीन नाही गं, जुनाच आहे, रंग मारलाय फक्त.”  मग तिने चष्मा लावला आणि एकेक आकडा वाचला, रेशनच्या रांगेत नंबर पुकारतात तसा.

आधी जुना खेळ उघडावा लागतो. मला वाटलं होतं, ठसका कुठेतरी तळाला गेली असेल, शेवाळ धरून. कसलं काय! होडी झकपक. पिवळं शीड, पुढे तोफ, हजेरीचा एक दिवस चुकलेला नाही. मी खेळ सोडला त्या दिवसापासून तू गेलास त्या दिवसापर्यंत रोज माझ्या खात्यात शिरून माझी हजेरी लावत होतास तू. माझ्याशी अबोला आणि माझ्या होडीशी संसार!

आणि कोपऱ्यात टपालाची खूण, त्यावर लाल ठिपका. सगळे निरोप एकाच माणसाचे. चिकूशेठकडून ठसक्याला. दिवसभर सरावलीच्या वाडीत चिकू निवडायचास म्हणून घेतलेलं तुझं ते नाव!

आईला कळलं, माझा चेहरा बदलला ते. “त्याचं आहे काही? वाच ना.” तू मराठी इंग्रजी अक्षरांत टाईप करायचास, तिला ते वाचता येत नाही. मी तिच्याजवळ सरकून बसले आणि वाचायला लागले.

“सुजे, होडीला पिवळं शीड लावलंय. आवडलं नाही तर गप्प बस.”

“खेळातला वापीवाला विचारतो, शेठ, तमारी बेन क्यां छे? मी सांगितलं, सासरी राज्य करते.”

“राखी मिळाली. घरी ठेवून पळालीस काय? गोंडा केवढा मोठा आहे, चिकू काढताना फांदीत अडकतो.”

“आज आईने कोंबडीत मीठच टाकलं नाही. सांगितलं तर म्हणते तुझी जीभ बिघडली.”

यावर आई ओरडली, “खोटारडा! टाकलं होतं मीठ!” आणि हसली. दादा, अकरा महिन्यांत पहिल्यांदा हसली. पदर तोंडाला लावून हसत राहिली आणि म्हणाली, “अजून वाच.” मी वाचत गेले. एकही निरोप उघडलेला नव्हता. म्हणजे तू रोज माझ्या खात्यात येत होतास, मी काही वाचत नाही हे तुला रोज दिसत होतं, तरी लिहीत होतास. का रे? फोन होता ना माझा? एक फोन करायला तुझी बोटं झिजली असती का?

मग शेवटचा निरोप आला. तू गेलास त्याच्या आदल्या दिवशी दुपारी लिहिलेला.

“सुजे, कालपासून छातीत भरून येतंय, डावा हात पण दुखतो. क्रेट उचलून असेल. सोडा प्यायलो, बरं वाटलं नाही. तुझ्या डॉक्टरांना विचारशील का, यायला पाहिजे का? आईला सांगू नको, उगाच घाबरेल.”

डावा हात! अरे, सात वर्षं नर्स आहे मी. असं सांगत कुणी आमच्या दारात आलं तर केसपेपर नंतर, आधी मी त्याला आडवं करते. वाडीत गाडी होती, टेम्पो होता, तासाभरात तू माझ्यासमोर असतास. आणि तू हे कुणाला सांगितलंस? होडीला! जिच्यावर बसायला मी दहा महिने आले नाही, तिला! तुला कळत होतं ना, मी वाचणार नाही? की तुला वाटलं, आज तरी येईल? याचं उत्तर मला कोण देणार आता?

आईने विचारलं, “काय लिहिलंय?”

मी म्हटलं, “काही नाही. संपले.”

तिने मोबाईल कपाळाला लावला आणि परत फळीवर ठेवला. शेजारच्या काकू आल्या तेव्हा त्यांना कौतुकाने मिठाचं सांगितलं. आणि मग नेहमीचं वाक्य, जे ती दारात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवते: “मुकाट्याने गेला माझा पोर. कुणाला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर आम्ही सोडला असता का त्याला?” काकू मान हलवत होत्या. मी चहाची भांडी घासायला मागे गेले.

आणि आता खरं सांगते, कुणाला सांगितलेलं नाही. मोरीवर उभी असताना माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली असेल? अपग्रेड. एक बटण दाबायचं. ठसका नव्या बेटावर जाईल, पिवळं शीड घेऊन, आणि मागचे निरोप पुसले जातील. आईला कळणार नाही, सासरी कळणार नाही. तू कुणाला बोलला नाहीस हेच सगळ्यांसाठी खरं राहील आणि मी सगळ्यांबरोबर रडायला मोकळी. तो व्हिडिओतला माणूस सांगतच होता, जुन्या खेळाडूंसाठी फायद्याचं आहे. केवढ्या फायद्याचं ते त्याला तरी कुठे माहीत?

घरी आले तेव्हापासून दोनदा त्या बटणापर्यंत गेले आहे. ‘तुमची खात्री आहे का?’ असं विचारतात. अंगठा बटणावर धरला की मला तुझाच राग येत होता. मरायचं होतं तर गुपचूप मरायचंस! मला कशाला यात ओढलंस? असं मनात आलं, दादा. आलं ते आलं. आता तुझ्यापासून काय लपवायचं?

काल तुझ्या खात्यातही गेले. आईला फोन करून पुन्हा आकडा घेतला, खोटंच काहीतरी सांगून. तू ऑनलाइन दिसल्याबरोबर वापीवाला धावत आला, इतके दिवस कुठे होतास विचारत. “शेठ! क्यां हता आटला दिवस? अपग्रेड करो ने, साथे जईए!” तुझ्या नावाने काहीतरी लिहून त्याला कटवणार होते. मग लिहिलं, “मी त्यांची बहीण. ते गेले.”  मग त्याने लिहिलं, “बेन, ए रोज तमारी वात करता.” मी लगेच बाहेर पडले. माझी काय गोष्ट सांगायचास रे त्यांना? चांगलीच सांगत असशील. हाच तर तुझा वैताग होता.

अपग्रेड करणार नाही. तुझंही नाही, माझंही नाही. कंपनीची बेटं कंपनीला लखलाभ.

आणि एक. आयुष्यात तुझं मी फारसं ऐकलं नाही, आताही ऐकणार नाही. आईला सांगू नको म्हणालास, पण सांगणार. रविवारी आशागडला येते, तिच्यासमोर बसते आणि तो निरोप तुझ्याच शब्दांत, एक अक्षर न गाळता मोठ्याने वाचते. अकरा महिने तो न उघडता कुणी ठेवला तेही सांगते. मग ती मला जवळ घेईल नाहीतर दार दाखवेल. दार दाखवलं तर मी उंबऱ्यावर बसून राहीन, पण तिच्यासमोर पुन्हा ‘संपले’ म्हणणार नाही. शब्द देते.

तुझी,
सुजी