कॅराव्हॅन लॉर्नाला, आणि लॉर्नालाच

मी, ॲव्हरिल मे स्टॉकडेल, कै. डेझमंड स्टॉकडेल यांची पत्नी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार थर्स्क, नॉर्थ यॉर्कशायर, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहीत आहे. परवा लीड्सच्या इस्पितळात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, काळजीचे कारण नाही. पण म्हणताना ते माझ्याकडे नाही, कागदांकडे बघत होते. म्हणून हे आजच. दीड वर्षापूर्वी केलेले माझे मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे.

१. राहते घर, परसबाग आणि बँकेत असेल ती शिल्लक माझी एकुलती मुलगी लॉर्ना हिला. गुलाबांची छाटणी फेब्रुवारीत करावी, तिला वाटेल तेव्हा नाही.

२. डेझमंडची हत्यारांची पेटी माझा दीर रेजिनल्ड याला. ड्रिल मशीन पेटीत सापडणार नाही. ते त्याने अंत्यविधीच्या दिवशीच नेले. तेही मी त्याला रीतसर देऊन टाकते, म्हणजे माझ्या दारावरून जाताना त्याला तोंड चुकवायला रस्ता ओलांडावा लागणार नाही.

३. आमची कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचे चार बिछान्यांचे फिरते घर, सामानासह जास्तीत जास्त वजन चौदाशे पन्नास किलो. हिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण माझ्या मागे हिच्याविषयी दोन गोष्टी सांगितल्या जातील, आणि त्यांतली एक खोटी आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मी, लॉर्ना आणि जावई स्टुअर्ट स्कारबरोला गेलो होतो. लॉर्नाला सातवा महिना होता. त्या काळी १९९७ नंतर परवाना काढणाऱ्यांना गाडी आणि कॅराव्हॅन मिळून साडेतीन हजार किलोंपर्यंतच ओढता येत असे. त्यापुढे वेगळी परीक्षा द्यावी लागे. स्टुअर्टचा परवाना २००१ चा, त्याने ती परीक्षा दिलेली नव्हती, आणि त्याच्या मोठ्या डिझेल गाडीसकट आमची बेरीज सदतीसशे होत होती. माझा परवाना जुना, मला ही अट नव्हती. त्याच्या विम्यात माझे नाव घातले होते आणि जाताना मीच चालवली. परतीच्या दिवशी मी कॅम्पच्या ऑफिसात किल्ली द्यायला गेले, तेवढ्यात हा सामान भरून स्टिअरिंगवर बसला. तंबू, पाण्याचे कॅन, खुर्च्या, सगळे जड सामान कॅराव्हॅनच्या मागच्या टोकाला.

"उतर, स्टुअर्ट. तुझ्या परवान्यात हे बसत नाही."

"अहो आई, दोनशे किलोंसाठी रस्त्यात तराजू घेऊन कोण बसलंय?"

"आई, बस ना गं आता," लॉर्ना म्हणाली. "माझे पाय बघ कसे सुजलेत."

मी मागे तिच्याशेजारी बसले.

हेल्म्सलीहून पुढे सटन बँक नावाचा घाट आहे. एकदम खडा उतार, मध्ये मागे दुमडलेले वळण. कॅराव्हॅनना तिथे मनाई आहे आणि तशी मोठी पाटीही आहे. मी म्हटले, "कॉक्सवोल्डवरून वळसा घे." तो म्हणाला, "फोन सरळ जायला सांगतोय." आणि आम्ही घाटात शिरलो.

कॅराव्हॅन मागून ढकलू लागली की ते पाठीला कळते. स्टुअर्टने ब्रेकवर पाय ठेवला तो काढलाच नाही. जळका वास येऊ लागला. मग मागचे टोक झुलायला लागले, आधी थोडे, मग इतके की आरशात कॅराव्हॅनची पूर्ण बाजू दिसली. लॉर्नाने माझा हात धरला. वळणावर तो कसाबसा थांबला. कॅराव्हॅन आडवी झालेली, लॉर्नाच्या बाजूचे दार दगडी भिंतीला टेकलेले, आणि समोरून माणसांनी भरलेली बस वर येत होती.

स्टुअर्ट दार उघडून बाहेर पडला. "मला नाही जमणार," एवढेच म्हणत राहिला.

मी पुढे जाऊन बसले आणि हँडब्रेक आणखी ओढला. "लॉर्ना, माझ्या बाजूने खाली उतर."

"पाय हलत नाहीत गं आई. तू चालव."

बसचा ड्रायव्हर उतरून वर आला. "बाई, तुम्ही चालवणार?"

"तुम्ही बस मागे घ्या. माझे ब्रेक निवू द्या. मी सांगेन तेव्हा."

आम्ही तसेच थांबलो. वर गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजू लागले. डेझमंडने मला पहिल्या दिवशी शिकवले होते: उतारावर गाडी ब्रेकने नाही, इंजिनाने धरायची. मी पहिला गिअर टाकला आणि गाडी इंचाइंचाने सोडली. कॅराव्हॅन आधी भिंतीला घासली, करकरली, मग सरळ झाली. पायथ्यापर्यंत मी श्वास घेतला की नाही, आठवत नाही. मागच्या सीटवर लॉर्ना नुसती "आई, आई" म्हणत होती. स्टुअर्ट मागून चालत आला.

नाताळात स्टुअर्टच्या आईवडिलांकडे जेवताना त्याने सांगितले, "सासूबाई इतक्या घाबरल्या की मला मध्येच गाडी थांबवावी लागली. मग उतरवली हळूहळू." सगळे हसले. मी लॉर्नाकडे पाहिले. ती बाळाला दूध पाजत राहिली. जावयाचे बोलणे मी गिळले असते. तिचे गप्प बसणे मला गिळवले नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये कायदा बदलला. आता साध्या परवान्यावरही साडेतीन हजार किलोंपर्यंतची कॅराव्हॅन ओढता येते. त्याच आठवड्यात स्टुअर्ट दारात हजर. "आता तर कायदाही माझ्या बाजूनं आहे, आई. किल्ली?"

"कायद्यानं परीक्षा काढली, स्टुअर्ट. घाट काढला नाही."

त्यानंतरच मी ते पहिले मृत्युपत्र केले. त्यात कॅराव्हॅन परक्याला विकावी, असे होते.

४. ते बदलण्याचे कारण. या ईस्टरला तेच टेबल, तीच माणसे, स्टुअर्टने पुन्हा तीच गोष्ट सुरू केली. लॉर्नाने चमचा खाली ठेवला. "पुरे. गाडी आईनं उतरवली. तू बाहेर उभा होतास, आणि मी आत बसून देवाचा धावा करत होते. इतकी वर्षं मी तोंड उघडलं नाही, ते तुझी अब्रू राखायला."  तिची सासू उठून चहा टाकायला गेली.

दुसऱ्या दिवशी स्टुअर्ट एकटाच माझ्याकडे आला. "मला ते वळण अजून स्वप्नात दिसतं," म्हणाला.

"मग तसं सांगायचंस की."

"लाज वाटली."

मी त्याला आत घेतले. क्षमा केली असे मात्र इथे लिहीत नाही. तो विचार अजून चालू आहे.

लॉर्ना गेले दोन महिने, कायद्याने गरज नसताना, कॅराव्हॅन ओढायला शिकते आहे. सबब कॅराव्हॅन, तिचे आरसे आणि कुलुपे यांसह, लॉर्नाला आणि लॉर्नालाच. अटी: भरलेली कॅराव्हॅन ओढणाऱ्या रिकाम्या गाडीच्या वजनाच्या पंच्याऐंशी टक्क्यांवर जाऊ नये, जड सामान चाकांच्या वर, मध्यभागी ठेवावे, निघण्यापूर्वी वजनकाट्यावर नेऊन खात्री करावी. स्टुअर्टने शेजारी बसावे. तो रीतसर शिकला तर त्याच्या हाती स्टिअरिंग द्यायचे की नाही, हे लॉर्ना ठरवील. मला विचारता येणार नाही, आणि विचारू नये.

५. व्यवस्थापक म्हणून वकील मिस फिलिपा ग्रीव्ह यांना नेमते. मृत्युपत्रांत एवढे लिहीत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. मी लिहिते.

हे सर्व मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले. नॉर्मन म्हणाले, "ॲव्हरिल, जेवणाच्या टेबलावरचं भांडणसुद्धा लिहायचं असतं का?" बीट्रिस म्हणाली, "लिहू दे तिला." बाहेर अंगणात लॉर्ना कॅराव्हॅन मागे घेते आहे. स्टुअर्टचा आवाज येतो, "डावीकडे! अगं डावीकडे!" आणि तिचा, "तू गप्प रे, मला दिसतंय." खिडकी माझ्या पाठीशी आहे. मी मागे वळून पाहिलेले नाही, आणि खाली सही करीत आहे.

सही: ॲव्हरिल एम. स्टॉकडेल

वरील सही आम्हा दोघांच्या एकत्र उपस्थितीत झाली. आम्हाला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.

साक्षीदार: १. बीट्रिस हार्कर, शेजारीण
२. नॉर्मन पिकर्सगिल, निवृत्त पोस्टमन

स्थळ: थर्स्क
दिनांक: ११ जून २०२३