दोष नाही, चालकाची सवय

मी, खाली सही करणारा, वय अडुसष्ट, पोलिसांच्या गाड्यांच्या कार्यशाळेतून मुख्य फोरमन म्हणून निवृत्त, हे माझे शेवटचे इच्छापत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आज सकाळी डॉक्टरीणबाईंनी मला वार, तारीख आणि सात आठे किती ते विचारले. तिन्ही उत्तरे बरोबर आली, म्हणून बुद्धी ठिकाणावर असल्याचे त्यांनी लेखी दिले आहे. फुप्फुसांबद्दल त्यांनी लेखी काही दिलेले नाही; तोंडी सांगितले तेवढे मला पुरे आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायला घरात दुसरे माणूसच नाही. यापूर्वी केलेले मृत्युपत्र बायकोच्या नावाने होते आणि तीच आधी गेली, सबब ते रद्द समजावे.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची पत्र्याची शेड, माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावे. धाकट्या भावाने त्यावर हक्क सांगू नये. वडिलांच्या जागेत त्याने त्याचा वाटा घेतला आणि माझाही घेतला. तेव्हा मी गप्प बसलो होतो, पण म्हणून या घरालाही तोच नियम लावू नये. मोरीतला नळ ठिबकतो. त्याचे वायसर शेडमधल्या उजव्या खणात, काड्यापेटीत आहेत.

२. बँकेतली ठेव नातीच्या शिक्षणासाठी. ती सोळा वर्षांची आहे आणि मोटारींचे इंजिनिअरिंग शिकायचे म्हणते. तिला कोणी शिवणकामाकडे किंवा बँकेच्या परीक्षांकडे वळवू नये. तिला माझ्यापेक्षा चांगले कान आहेत. इंजिनाचा आवाज ऐकून कोणता सिलिंडर रुसला आहे ते ती सांगते.

३. हत्यारे सगळी कार्यशाळेतल्या सध्याच्या फोरमनबाईंना. ती कामाला लागली त्या दिवशी मी तिला चहा आणायला पाठवले होते. ती गेली नाही. महिनाभर मी तिच्याशी धड बोललो नाही, पण तिचेच बरोबर होते आणि हे मी तिला कधी सांगितले नाही, म्हणून इथे लिहितो. घट्टपणा मोजायचा पाना तिने दर वर्षी तपासून घ्यावा. शिडी मात्र तिला मिळणार नाही, कारण ती नऊ वर्षे शेजाऱ्याकडे आहे. ती त्यालाच राहू द्यावी. त्याने एकदा तरी "तुमची शिडी" असे म्हणावे, एवढीच अपेक्षा होती.

४. बाहेरच्या खोलीत कपाटावर एक पितळी सन्मानचिन्ह आहे. त्यावर "उत्कृष्ट वाहन निवड" असे कोरलेले आहे. ते भंगारात घालावे. कोणीही ते माझी आठवण म्हणून ठेवू नये. कारण सांगतो.

बारा वर्षांपूर्वी आमच्या गस्तीच्या जुन्या गाड्या एकामागून एक बसायला लागल्या, तेव्हा नव्या गाड्या निवडायला समिती नेमली. समितीत साहेब चार होते, पण गाडीखाली झोपून बघणारा मी एकटा. पाच कंपन्यांनी एकेक गाडी पाठवली. साहेबांना वेग हवा होता. मी म्हटले, "साहेब, गस्तीची गाडी पळते कमी आणि उभी राहते जास्त. आठ तासांच्या पाळीत पाच तास इंजिन चालू ठेवून ती नाक्यावर उभी असते. दार दिवसातून शंभर वेळा उघडतं. कमरेची काठी आणि बेड्या सीटचं कापड फाडतात. हे सगळं सोसून सहा वर्षं टिकेल आणि जिचा सुटा भाग दोन दिवसांत मिळेल, तीच गाडी आपल्याला परवडणार." मोठे साहेब हसले आणि म्हणाले, "मग तुम्हीच निवडा."

मी जीव ओतून निवडली. प्रत्येक गाडीचे दार मोजून हजार वेळा उघडले आणि लावले. काठी-बेड्यांचा पट्टा बांधून प्रत्येक सीटवर दोनशे वेळा बसलो-उठलो. बायको कंबर शेकता शेकता म्हणाली, "ही नोकरी आहे की शिक्षा?" शेवटी चौथ्या क्रमांकाची गाडी ठरली. किंमत सगळ्यांत कमी, यंत्र साधे, पत्रा जाड. ऐंशी गाड्या आल्या आणि मला हे पितळ मिळाले.

ब्रेकची चाचणीही मीच घेतली होती. चार माणसांच्या वजनाची वाळूची पोती स्वतः तोलून गाडीत ठेवली आणि उतारावर गाडी पुन्हा पुन्हा थांबवून पाहिली. पण ती गाडी कारखान्यातून आली तशी, उघडी होती. मागच्या सीटपुढची लोखंडी जाळी, टपावरचे दिवे, वायरलेस, दुसरी बॅटरी, डिकीतल्या ढाली, रस्ता अडवायचे कठडे, हे सगळे नंतर बसते. त्याची खरेदी दुसरा विभाग दुसऱ्या कागदावर करतो. आमच्याकडे रीतच तशी होती, गाडीचा कागद वेगळा आणि सामानाचा वेगळा. सगळे सामान चढवून तयार झालेली गाडी काट्यावर कोणी घातलीच नाही. बत्तीस वर्षे त्याच आवारात काढलेल्या माझ्या हे ध्यानात यायला हवे होते. आले नाही.

५. हे कलम माझ्या जावयाबद्दल आहे. त्याला मी काही ठेवू शकत नाही, कारण त्याला जाऊन अकरा वर्षे झाली.

तो आमच्याच दलात गस्तीच्या गाडीवर चालक होता. गाड्या आणि जावई मी पारखूनच घेतो, असे मी चारचौघांत सांगत असे. तो गाडी इतकी हळू चालवायचा की सगळे त्याला "सावकाश" म्हणत. लग्नात माझा भाऊ म्हणाला होता, "हा संसारसुद्धा पहिल्या गिअरमध्येच करणार." जावई आमच्या सगळ्यांच्या आधी हसला. कार्यशाळेत तो मला साहेब म्हणे आणि फाटकाबाहेर पडला की बाबा.

नव्या गाडीच्या लॉगबुकात त्याने लिहिले, "लांब उतारावर ब्रेक उशिरा धरतो." मी चाक उतरवले. पॅड तापून काचेसारखे गुळगुळीत झाले होते, जळका वास येत होता. मी ताडले की हा सावकाश, सारखा ब्रेकवर पाय ठेवून बसत असणार. पॅड बदलले आणि शेरा मारला, "तपासले. दोष नाही. चालकाची सवय." दोन महिन्यांनी त्याने पुन्हा तेच लिहिले आणि मीही पुन्हा तेच लिहिले. तिसऱ्या वेळी तो रविवारी घरी आला, शेडमध्ये माझ्याजवळ उकिडवा बसला आणि म्हणाला, "बाबा, सवय माझी नाहीये हो. गाडीच जड झाल्यासारखी वाटते."

मी म्हणालो, "जावईबापू, ती गाडी मी निवडलीय. तुम्ही पाय उचलायला शिका."

त्याने चहा घेतला, माझ्या नातीला खांद्यावर टाकले आणि तो घरी गेला. सोमवारी मी तिसरा शेरा लिहिला. अक्षरही चांगले आले आहे.

त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी, सकाळी साडेआठला, पाण्याच्या टाकीकडून बाजाराकडे येणाऱ्या लांब उतारावर त्याचे पॅडल तळाला गेले आणि गाडी थांबली नाही. खाली भाजीवाल्यांची गर्दी होती. त्याने गाडी रस्त्याकडेच्या दगडी भिंतीवर घातली, आणि धडक चालकाच्या, म्हणजे स्वतःच्या बाजूला घेतली. शेजारी बसलेल्या हवालदाराचा एक पाय अधू झाला, जीव वाचला. बाजारात कोणाला खरचटलेसुद्धा नाही.

चौकशी समितीपुढे हवालदाराने पॅडलचे सांगितले. समितीने माझे तीन शेरे पुढे केले. ब्रेक निर्दोष, तेव्हा गाडी बेदरकार वेगात होती, असा निष्कर्ष लिहायला घेतला. निकालाला आठ दिवस होते तेव्हा मी तसलीच दुसरी गाडी, सगळ्या सामानासह आणि तितकीच पोती ठेवून, भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर नेली. माझ्या पोत्यांच्या गाडीपेक्षा ती दोनशे सत्तर किलो जास्त भरली. त्या वजनाला ते ब्रेक पुरणारच नव्हते. चिठ्ठी मी खिशात घातली, चाचण्यांच्या वहीत आकडा लिहिला आणि समितीला काही सांगितले नाही. उरलेल्या एकोणऐंशी गाड्यांना पुढच्या दोन महिन्यांत मोठे ब्रेक बसवून घेतले, नेहमीची सुधारणा म्हणून. त्याबद्दलही माझे कौतुक झाले.

मी भ्यालो होतो. नोकरी जाईल म्हणून नव्हे, निवृत्तीला वर्षच राहिले होते. फोरमन चुकला असे कोणी म्हणेल याची भीती होती. एवढ्यासाठी मी माझ्या मुलीच्या नवऱ्याला बेदरकार ठरू दिले.

निकालाच्या संध्याकाळी मुलीने विचारले, "बाबा, गाडी तुम्ही पाहिली होती ना? चूक यांचीच होती?"

"अहवालात आहे तेच," मी म्हणालो. तिने पुन्हा कधी विचारले नाही. महिन्याभरात तिला पोलीस वसाहतीतली खोली सोडावी लागली. कामावर असताना गेलेल्यांची नावे मुख्यालयाच्या भिंतीवरच्या फलकावर आहेत, त्यात जावयाचे नाव नाही. गेल्या वर्षी नात मला म्हणाली, "आजोबा, मी गाडी शिकणार, पण बाबांसारखी नाही हं चालवणार." मी मान डोलावली. त्या दिवसापासून मला नीट झोप नाही.

६. माझी चाचण्यांची वही, वजनकाट्याची चिठ्ठी आणि तिन्ही शेऱ्यांच्या नकला शेडमधल्या पत्र्याच्या पेटीत आहेत. माझ्या मृत्यूनंतर ते सगळे सीलबंद पाकिटात मुलीच्या हाती द्यावे व एक प्रत मुख्यालयात

हे कलम अर्धे झाले असतानाच साक्षीदार आला, आणि नंतर मी ते तसेच खोडले आहे. का, ते लिहितो.

साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, त्याने फक्त सही बघायची असते, असे वकील म्हणाले होते. पण दुसरा साक्षीदार म्हणून मी त्याच अधू पायाच्या हवालदाराला बोलावले होते आणि त्याला न वाचता सही करायला सांगायला माझी जीभ रेटेना. त्याने चष्मा लावून सगळे वाचले. पाचवे कलम दोनदा वाचले.

"मी तेव्हा ओरडून सांगत होतो, फोरमनसाहेब," तो म्हणाला. "पॅडल तळाला गेलेलं मी या डोळ्यांनी बघितलंय."

"हो."

"आणि तुम्हाला हे ठाऊक होतं."

"निकालाच्या आधी आठ दिवस."

तो गुडघा चोळू लागला. मग म्हणाला, "आता हे सगळं तुम्ही मेल्यावर सांगणार?"

"हो."

"म्हणजे पोरीनं जाब कुणाला विचारायचा? तुमच्या फोटोला?" त्याने पेन माझ्यापुढे सरकवले. "सहावं खोडा. नाहीतर दुसरा साक्षीदार बघा."

मी खोडले.

पुरवणी. वरील मजकुरानंतर तिसऱ्या दिवशी लिहिलेली.

काल मी मुलीकडे गेलो. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या मजल्यावर राहते आणि कपडे शिवून देते. जिन्यात दोनदा बसावे लागले. तिने मशीन थांबवले आणि ती खुर्ची पुढे करू लागली. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळे सांगितले, वही आणि चिठ्ठी मशीनवर ठेवली. तिने चिठ्ठीवरचा आकडा बोट ठेवून वाचला.

"तीन वेळा लिहिलं होतं त्यांनी?"

"तीन वेळा."

"मी विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

ती रडली असती तर मला सोपे गेले असते. तिने कापड बाजूला केले, सुई टोचून ठेवली आणि खिडकीकडे बघत म्हणाली, "अकरा वर्षं मी रोज त्यांच्याशी मनात भांडतेय. एवढी कसली घाई होती तुम्हाला, असं विचारतेय. आणि त्यांना घाई नव्हतीच."

मी माफी मागायला गेलो होतो. ती न मागताच मी दाराकडे वळलो.

दाराशी ती म्हणाली, "सोमवारी माझ्याबरोबर मुख्यालयात यायचं. मोठ्या साहेबांसमोर उभं राहून हे सगळं तुम्ही स्वतः बोलायचं. तोपर्यंत मरायचं नाही, बाबा. पोरीला मी आज सांगते. तुम्ही आज तिच्यासमोर येऊ नका."

तेव्हा सहाव्या कलमाच्या जागी हे वाचावे: सोमवारी मी स्वतः बोलेन. त्याआधी माझा श्वास संपलाच, तर हवालदाराने मुलीसोबत मुख्यालयात जाऊन पाचवे कलम मोठ्याने वाचून दाखवावे आणि जावयाचे नाव फलकावर लागेपर्यंत तिची साथ सोडू नये. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवता येत नाही, म्हणून त्याच्या नावे मी एवढे कामच ठेवत आहे. घर आणि ठेव वर लिहिल्याप्रमाणे. मुलीला घर नको असेल तर तिला कोणी आग्रह करू नये. माझ्या अंत्यविधीला ती आली नाही, तर त्याबद्दल कोणी तिला एका शब्दाने बोलू नये.

वरील सर्व मी वाचून पाहिले आहे. ते खरे आहे, आणि या वेळी तपासून लिहिले आहे.

सही: इच्छापत्र करणार, निवृत्त मुख्य फोरमन
साक्षीदार पहिल्या: डॉक्टरीणबाई. मूळ मजकुराच्या व पुरवणीच्या वेळी इच्छापत्र करणार पूर्ण शुद्धीत होते. त्यांनी जिने चढू नयेत असे मी बजावले होते.
साक्षीदार दुसरा: निवृत्त हवालदार. सही माझ्यासमोर झाली. सोमवारी मीपण जाणार आहे.

ठिकाण: राहते घर, मागची शेड
दिनांक: नऊ फेब्रुवारी, शुक्रवार