‘कॅल्डर’वर एकही भोक नाही

४ एप्रिल १९९४
आज युद्धनौका जतन समितीची अध्यक्ष म्हणून माझी बिनविरोध निवड झाली. मतदानाच्या वेळी बाकीचे कॉफी घ्यायला गेले होते. तरी ठराव तो ठराव.

‘कॅल्डर’ दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये तीन वर्षे लढली आणि शत्रूचा एक गोळाही तिला लागला नाही. धक्क्यावर तसा पितळी फलकच आहे: ‘संपूर्ण युद्धात एकही भोक नाही.’ आता ती आमच्या नदीत, धान्याच्या कोठारांशेजारी गंजत उभी आहे. जूनमध्ये जहाज तपासायला शहराची सर्वेक्षक येणार. ती हो म्हणाली तर संग्रहालय. नाही म्हणाली तर जहाज ओढून नेऊन भंगारात.

मी बावीस वर्षे नौदलात होते. जहाजावर नव्हे, आमच्या वेळी बायकांना चढू देत नसत. किनाऱ्यावर पगारखाते सांभाळले. जहाज चालवणे त्याहून फार वेगळे नसावे.

एक इच्छा फक्त इथे लिहिते. या जहाजावर कुठेतरी माझे नाव असावे. लहान अक्षरांत चालेल. पितळेवर.

९ एप्रिल
माणसे पाहिली. सगळे ‘कॅल्डर’वरचेच जुने खलाशी, सत्तरी ओलांडलेले. दोन टोळ्या आहेत. बॉयलरवाल्यांचा म्होरक्या ऑर्व्हिल टटल. डेकवाल्यांचा मिलार्ड बॉस (आडनावच बॉस), हा तोफेवर होता. दोघांत पन्नास वर्षे अबोला. कारण विचारले. १९४४ साली मिलार्डने ऑर्व्हिलचा कॉफीचा मग साबणाने धुतला. खलाशी म्हणे मग कधी धुवत नाहीत, थर जितका जाड तितका मान. बस, एवढेच.

मगांची अवस्था पाहिली. आत बोटभर काळा थर. सगळे गोळा करून सोडा घालून लख्ख घासले आणि ओळीने मांडून ठेवले. माणसे आली, पाहिले. एकाने टोपी काढून छातीशी धरली. त्यांच्यासाठी इतके कुणी केलेच नसणार.

१६ एप्रिल
या लोकांची पद्धत कळली. गंज दिसला की त्यावर राखाडी रंग. रंगातून गंज वर आला की पुन्हा रंग. मी हुकूम काढला: सर्वेक्षक येण्यापूर्वी गंज शून्य. प्रत्येकाच्या हातात हातोडी.

मिलार्ड म्हणाला, “मॅडम, पन्नास वर्षांचे थर आहेत. सगळे काढले तर खाली जहाज सापडेलच असं नाही.”
मी म्हटले, “विनोद सुचतायत म्हणजे काम कमी पडतंय.”
त्याला दोन हातोड्या दिल्या.

माघारी मला ‘ॲडमिरल’ म्हणतात असे कानावर आले. इतक्या लवकर आदर मिळेल असे वाटले नव्हते.

७ मे
स्पर्धा जाहीर केली. जी टोळी जास्त गंज काढेल तिला बक्षीस: माझी हिरवी लिंबू-जेली, आत किसलेले गाजर, वर मेयोनीज. चर्चच्या जेवणात ती नेहमी जशीच्या तशी उरते, कारण लोक संकोची असतात.

१४ मे
कामाचा वेग निम्म्यावर आला. बॉयलरवाले म्हणतात, डेकवाल्यांनी जिंकावे. डेकवाले म्हणतात, छे, मान बॉयलरवाल्यांचा. पन्नास वर्षे वैर धरलेली माणसे एकमेकांसाठी मागे सरतात! जेलीने जे केले ते कोणत्याही तहाने केले नसते.

आज ऑर्व्हिल मिलार्डशी प्रथमच बोलला. “हरशील ना रे बाबा?” एवढेच. पण बोलला.

४ जून
गंज तसाच. दोन्ही टोळ्या पुन्हा रंगाचे डबे उघडून बसल्या आहेत. निर्णय घेतला: अधिकाऱ्याने स्वतः उदाहरण घालून द्यायचे. जहाजाच्या पुढच्या टोकाचा, अगदी तळाचा खण मी साफ करणार.

ऑर्व्हिल म्हणाला, “मॅडम, खाली नका जाऊ. तिथं अंधार आहे, घाण आहे.”
हळवा माणूस.

११ जून, सकाळ
सर्वेक्षण आज. पहाटेपासून खाली आहे. तळ चकचकीत दिसू लागला. ताटाएवढा एकच डाग उरलाय. तो काढला की वर जाऊन गणवेश घालते.

११ जून, दुपार
घडले ते तटस्थपणे नोंदवते. मी हातोडी मारत होते त्याच वेळी, त्याच जागी, तळाला भोक पडले. हातोडी नदीत गेली. नदी आत आली.

मी आवाज दिला. (किंकाळी नव्हे.) पुढचे मात्र पाहण्यासारखे होते. ज्यांना जिना चढताना दोनदा थांबावे लागते ते म्हातारे शिडीवरून घसरत खाली आले.

“भोक! पुढचा खण! पाचर आण!” ऑर्व्हिल ओरडला.
“केवढी?” मिलार्ड.
“मुठीएवढी! चिंध्या पण!”
“कुठंय पण भोक?”
“ॲडमिरलच्या पायाशी! आणखी कुठं असणार?”

चिंध्या नव्हत्या. माझा लोकरी स्वेटर घेतला. विचारले नाही. ऑर्व्हिलने पाचर धरली आणि मिलार्डने घण घातला. पाणी थांबले. दोघे कमरेपर्यंत भिजून एकमेकांच्या पाठीवर थापा मारत हसत होते. मी शिस्त राखून, दुसरा पाय पाण्याबाहेर धरून, एका पायावर उभी होते.

वर पाहिले तर शिडीच्या तोंडाशी सर्वेक्षक. किती वेळ होती कोण जाणे.

तिने तळ ठोकून पाहिला. बोटाने. म्हणाली, “हा तर बिस्किटाचा डबा आहे. गंज होता म्हणून पाणी बाहेर होतं.” मग बराच वेळ काही लिहीत राहिली. जहाज नापास. पण असल्या तळानिशी भंगारापर्यंत ओढून नेले तर वाटेतच नदीच्या मधोमध बुडेल आणि बोटींचा रस्ता अडेल. म्हणजे नेताही येत नाही. आहे तिथेच चारी बाजूंनी वाळू भरून पक्के करा, असा तिचा शेरा.

थोडक्यात, जहाज वाचले. माझ्या योजनेप्रमाणेच, फक्त क्रम वेगळा.

तिला जेली दिली. तिला गाडी गाठायची होती.

४ जुलै
संग्रहालय सुरू झाले. तोफांपाशी कुणी थांबत नाही. सगळे थेट तळाच्या खणात उतरतात. तिथे पाचर तशीच आहे, भोवती माझा स्वेटर. काचेआड.

ऑर्व्हिलने मला एक मग दिला. आत काळा थर. “धुवायचा नाही,” म्हणाला. मी आतून नाही धुतला. बाहेरून थोडा पुसला.

समितीने फलकही नवा केलाय. मला न विचारता. ‘संपूर्ण युद्धात एकही भोक नाही. नंतर एक: लेफ्टनंट कमांडर एनिड हॅव्हरकँप.’

नावात चूक नाही. हुद्दाही बरोबर. पितळ चांगले आहे, पण नदीच्या हवेने काळे पडेल. दर सोमवारी फडक्याने मीच पुसेन. हातोडी ते आता मला देत नाहीत.