गाडीला जोर हवा म्हणून

माय,

मी गाडी घेतली. पेट्रोलची, टर्बोची. जुनीच, पण एकाच माणसानं वापरलेली. टर्बो हा शब्द तुझ्या कानावर कधी पडला नसेल. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक लहानसा पंखा फिरतो आणि तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा वाढली की पेट्रोल वाढतं आणि पेट्रोल वाढलं की गाडीची ओढ वाढते. एवढं सांगितलं असतं तरी तुला पुरलं असतं. पदर खोचून तू बॉनेट उघडायला लावलं असतंस आणि तो पंखा कुठे आहे ते दाखव म्हणाली असतीस. मी आता एक्कावन्न वर्षांची आहे, म्हणजे तू गेलीस तेव्हाच्या तुझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. शहाद्याला राहते, कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. अशा बाईनं ही गाडी कशाला घ्यावी, असं घरात सगळ्यांना वाटलं. आमचे हे म्हणाले, कॉलेज आणि भाजीबाजार एवढ्यासाठी इतकी पळणारी गाडी काय करायची? मी म्हटलं, ओव्हरटेक करताना जोर लागतो. त्यावर त्यांनी विषय सोडून दिला. तू कशी गेलीस ते त्यांना माहीत आहे, म्हणजे मी जसं सांगितलं तसं माहीत आहे.

तू मला जीप शिकवलीस तेव्हा मी सोळाची होते. आपल्या केळीच्या दोन बागांमधली गाडीवाट, दोन्ही बाजूंनी पानं घासताहेत, मी स्टिअरिंगला लोंबकळते आहे आणि तू शेजारी बसली आहेस, मांडीवर हात ठेवून, अगदी लग्नात बसल्यासारखी. तू स्वतः आधी ट्रॅक्टर शिकली होतीस, मग जीप. आबांनी तुला कधी नाही म्हटलं नाही, पण वाट शेतापुरतीच होती. गावातून जीप न्यायची ती आबांनी. मी गिअर टाकताना खाली बघायचे, तर तू हनुवटी धरून माझं तोंड वर करायचीस. "गिअर कानघाई बदलतस, डोयाघाई नही." कानानं, डोळ्यांनी नाही. एकदा मी पार विहिरीपर्यंत जीप पळवली आणि खूश होऊन चावी एकदम बंद केली. तू रागावलीस. तशी तू क्वचित रागवायचीस, म्हणून लक्षात राहिलं. "धावेल बैलले उभा करताच पानी दाखाडतस का? दम खाऊ दे तिले." मग आपण दोघी ते इंजिन नुसतं धुगधुगत असताना कितीतरी वेळ बसून राहिलो. मला वाटतं, आयुष्यात तेवढं निवांत आपण दोघी परत कधी बसलो नाही.

मग तो पौषातला दिवस. दुपारची वेळ, तू चुलीपाशी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर थापत होतीस. एक बाजू भाजून झाली होती. तू उठलीस, ओटीवर येऊन बसलीस आणि छातीवर हात ठेवलास. कपाळावर घाम, थंडीच्या दिवसात. आबा लग्नासाठी सुरतेला गेलेले, गल्लीतले पुरुष शेतात. मी काकूला हाक मारली. काकू आली, तिनं तुझा चेहरा पाहिला आणि रडायला लागली. खुंटीवरची चावी तू स्वतः काढून माझ्या हातात दिलीस. "तूच चालाव." मी वीस वर्षांची होते आणि डांबरी रस्त्यावर जीप कधी नेली नव्हती. तू पुढे बसलीस, काकू मागे. कोरीट गाव मागे पडलं आणि पुढे उसाचे ट्रॅक्टर लागले. एकामागे एक तीन, प्रत्येकाला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर लोंबणारा. कारखाने सुरू होते. नंदुरबारच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरांनी तुझी नाडी पाहिली, मग काकूकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. संध्याकाळी आबा आले. त्यांनी मला फक्त एकच विचारलं, "इतला उशीर कसा व्हयना?" मी म्हटलं, "जीपले जोरच नव्हता, आबा. ट्रॅक्टरना म्होरे निंघताच उनं नही." तेरावं झालं आणि त्यांनी जीप विकली. नेणारा दारात आला तेव्हा ते बाहेरसुद्धा आले नाहीत.

त्यानंतर अठ्ठावीस वर्षं मी स्टिअरिंगला हात लावला नाही. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी परत शिकले आणि मागच्या वर्षी ही गाडी घेतली. गाडीत मूळचीच भरपूर ओढ आहे असं विकणारा सांगत होता. तरी मला ती पुरेना. ट्रॉलीच्या बरोबरीला आलं की गाडी मागे पडते असं वाटायचं. मग मी मोबाईलवर वाचायला लागले. टर्बोच्या गाडीचा जोर वाढवायला लोक काय काय करतात ते प्रयोगशाळेच्या वहीत लिहून काढलं. गाडीच्या कॉम्प्युटरमधला हिशोब बदलतात, त्याला मॅप म्हणतात. त्यानं टर्बो जास्त हवा देतो. मोठा एअर फिल्टर घालतात. तापलेली हवा थंड करणारी जाळी असते, इंटरकूलर, ती मोठी घालतात. धुराचा पाइप रुंद करतात. यातलं पहिलं काय करावं यावर लोक हमरीतुमरीवर येतात. मी मात्र ठरवूनच टाकलं होतं, पहिला मॅप. नवापूरला हायवेच्या कडेला, कोंबड्यांच्या शेडच्या मागे एक जण हे काम करतो असं कळलं. सुरतेत बरीच वर्षं काम करून तो गावी परतला होता. मी सुट्टी काढली आणि एकटी गेले.

माणूस पस्तिशीचा, कमी बोलणारा, मराठीत मध्येच गुजराती येणारा. माझी वही त्यानं नीट वाचली, हसला नाही. म्हणाला, ताई, माझी यादी लोक खालून सुरू करतात, मी वरून करतो. पहिलं, गाडी आजारी आहे का ते बघायचं. तेल, प्लग, पाणी, हवेच्या नळ्या कुठे गळतात का. मग टायर आणि ब्रेक, कारण जी गाडी थांबत नाही तिला पळवून काय करायचं. मग थंडावा, आपल्या उन्हाळ्यात इंटरकूलर तापला की मॅप असून नसून सारखाच. जोर सगळ्यात शेवटी, आणि तोही बेतानं, कारण चांगल्या प्रतीचं पेट्रोल आपल्याकडे सगळ्या पंपांवर मिळत नाही. मग म्हणाला, गाडी जोरात चालवून आलात की लगेच बंद करू नका, मिनिटभर सुरू ठेवा, टर्बो तापलेला असतो. मी एकदम म्हटलं, दम खाऊ द्यायचा. तो म्हणाला, हां, तेच. कुणी सांगितलं तुम्हाला? मी टायरांकडे बघत उभी राहिले.

मग त्यानं स्टिअरिंगखाली एक डबी लावली. गाडीत काय काय घडतं ते ती लिहून घेते. म्हणाला, तुम्हाला जिथे जोर कमी वाटतो तिथे तुम्हीच चालवा. आम्ही हायवे सोडून आतल्या रस्त्याला लागलो. तिथे उसाच्या ट्रॉल्या होत्या. मी तीनदा ओव्हरटेक करायला निघाले, दोनदा मागे आले आणि तिसऱ्यांदा कशीबशी पुढे गेले. परत आल्यावर त्यानं कॉम्प्युटर उघडला. एकाखाली एक रेघा. ही टर्बोची, ही इंजिनाची. सगळ्यात खालची रेघ, तो म्हणाला, तुमच्या पायाची. मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला आणि हळू म्हणाला, "ताई, गाडीत खेच आहे. हे बघा, टर्बो भरला, इंजिन तयार झालं आणि बरोबर तिथे तुम्ही पाय उचलता. तिन्ही वेळा, ट्रॉलीच्या बरोबरीला आल्यावर." त्यानं बोट ठेवलं ती जागा मी बघत राहिले. रेघ चढत चढत जाते आणि एकदम खाली पडते. त्याला वाटलं मला राग आला. तो म्हणाला, मॅप टाकून देतो हवं तर, पण पाय उचललात तर जोर दुप्पट असला तरी उपयोग नाही.

तुला हे सगळं कशाला सांगायचं, तू तर माझ्या शेजारीच होतीस. पहिल्या ट्रॅक्टरच्या मागे तू म्हणालीस, "काढ." मी जीप बाहेर काढली. समोरून एसटी येत होती, पण लांब होती. पार लांब होती, माय. जीप वर चढत होती, आवाज बदलत होता, तू शिकवलास तसा मला तो कानानं कळत होता. अजून एवढंसं दाबलं असतं तर आपण पुढे होतो. मी पाय उचलला. दुसऱ्यांदा तू परत म्हणालीस, "काढ." आवाज बारीक झाला होता. रस्ता रिकामा होता आणि मी उसाच्या भिंतीला घाबरून परत मागे आले. तिसऱ्यांदा तू काही म्हणाली नाहीस. फाट्यापर्यंत आपण त्या ट्रॉल्यांच्या मागे बैलगाडीसारखे गेलो आणि मी रस्त्याकडे बघत होते, तुझ्याकडे नाही.

नवापूरहून आले आणि दुसऱ्या दिवशी काकूकडे गेले. ती आता ऐंशीच्या पुढे आहे, अंगणात मेथी निवडत बसली होती. मी विचारलं, त्या दिवसाचं तुला काय आठवतं? तिनं हात थांबवला नाही. "जीपडं चांगलं व्हतं," ती म्हणाली, "माले मालूम शे." एवढी वर्षं ती गप्प राहिली. मी रडले तेव्हा तिनं मेथीचे हात लुगड्याला पुसले आणि माझं डोकं मांडीवर घेतलं, पण चूक नव्हती असं काही म्हणाली नाही. तिनं तसं म्हटलं असतं तर मी तिच्यावर विश्वास ठेवला नसता.

मी मॅप टाकला नाही. चार नवे टायर घातले, ब्रेक पॅड, प्लग आणि तेल बदललं. ते काम करून येताना प्रकाशा गावाच्या अलीकडे एक ट्रॉली पुढे आली आणि मी तिच्या मागेच चालत राहिले. घाई कसलीच नव्हती. संध्याकाळी हे गाडीतून एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, फरक जाणवतोय, जोर वाढला. मी हो म्हटलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. खरं तर ते तुझं नाहीच. आबा सहा वर्षांपूर्वी गेले. शेवटच्या दिवसांत मी त्यांच्या उशाशी असायचे. एका सकाळी ते छताकडे बघत म्हणाले, "मी तवयच चांगली गाडी लेतू, ते तुन्ही माय वाचती." पंचवीस वर्षं ते स्वतःला दोष देत होते आणि मी समोर बसले होते. तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. मी त्यांना पाणी पाजलं. तुला लिहिणं सोपं आहे, तू तिथे होतीस.