काजलचा एकच फोटो

पिपरी मेघे, वर्धा
१३ ऑगस्ट २०२५

ती. जयवंताताईस,
अंकुशचा सा. न. वि. वि.

राखी बांधून घेऊन तुझ्याकडून निघालो तो सुखरूप घरी पोचलो. फोन केला असता, पण तुझ्या कानांनी तीन वर्षांपासून संप पुकारला आहे, आणि भाऊजींच्या तोंडी निरोप दिला की तो वाटेत अर्धा होतो. त्यापेक्षा पत्र बरं. अंगणवाडीत तीस वर्षं पोरांची अक्षरं गिरवून घेतलीस, आता भावाचं अक्षर सोस.

काजलचा फोटो चादरीत गुंडाळून आणला आहे. तू द्यायला तयार नव्हतीस, मीच हट्ट केला. पण मागच्या पुठ्ठ्याला कसर लागली होती, एका कोपऱ्यात ओल शिरली होती. अजून एक पावसाळा तो टिकला नसता. शिवाय माझ्या ओम्नीवर मोठ्या अक्षरांत ‘फोटो फ्रेम घरपोच’ लिहिलेलं, जिल्हाभर लोकांच्या ओट्यावर बसून मी पट्ट्या कापतो, काचा बसवतो, आणि सख्ख्या बहिणीच्या भिंतीवर कुजकी फ्रेम. मला कोण विचारेल?

काल जामला गेलो होतो. चौकात सुमित्राबाईंचं चहा-नाश्त्याचं हॉटेल आहे. त्यांचे मालक मागच्या महिन्यात वारले. फोटो एकच, तोही वावरातला, बनियनवरचा. बाई म्हणे, माह्या माणसाले कोट घालून द्या, जिंदगीभर बनियनवरच राह्यला. वर्ध्याच्या स्टुडिओतल्या आदेशने कम्प्युटरवर कोट घातला, टायही बांधला. फ्रेम भिंतीवर लावली तेव्हा बाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणे, हा कोन साहेब आहे. मग हसल्या, मग रडल्या. माझ्या दहा कामांतली आठ तेरवीचीच असतात, त्यामुळे हे नेहमीचं.

रविवारी निवांत बसून काजलचा फोटो उघडतो. आठ-दहा दिवसांत मीच घेऊन येतो आणि माझ्या हाताने लावतो. भाऊजींना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझा
अंकुश


केळझर
२२ ऑगस्ट २०२५

चि. अंकुश यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीने उकरल्यासारखंच आहे, पण लागलं.

फोटो गेल्यापासून भिंतीवर फिकट चौकोन उरला आहे. सकाळी देवापुढे उदबत्ती लावून तीच तिकडे न्यायची सवय. हात आपोआप जातो आणि रिकाम्या खिळ्यापाशी थांबतो. तुझ्या भाऊजींनी तिथे कॅलेंडर लावायला घेतलं होतं, मी लावू दिलं नाही.

तुला माहीतच आहे, तरी लिहिते. शाळेत नाव घातलं त्या वर्षी सेलूच्या स्टुडिओत काढलेला तो एकच फोटो. दुसरा काढू म्हणता म्हणता नवरात्र आलं आणि तापाने पोरीला दोन दिवसांत नेलं. सात वर्षांची होती. त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली. दर नवरात्रात पंचमीला मी गल्लीतल्या पोट्ट्यांना जेवू घालते आणि पहिलं ताट काजलपुढे ठेवते, ते एकदाही चुकलं नाही. तेव्हा पंचमीच्या आधी फोटो हवाच.

पट्टी साधी लाव. सोन्याची झिलई नको, माझ्या घरात ती शोभत नाही. तुझ्या धंद्याला यश येवो, जेवण वेळेवर कर.

आशीर्वाद घेत राहा,
जयवंताताई


पिपरी मेघे
५ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उशीर झाला, रागावू नकोस. आधी गाडीचा क्लच गेला, मग गणपतीत लोकांनी घाई लावली, मग हवी ती पट्टी नागपूरहून आली नाही. तुला वाटेल हा बहाणे करून राह्यला, पण या धंद्यात असंच असतं.

एक विचारायचं होतं. फोटोचे रंग फार उडाले आहेत. आदेश म्हणतो की थोडे भरून देतो. तर काजलचा फ्रॉक नेमका कोणत्या रंगाचा होता? केस मधून विंचरायचीस की बाजूने? पुढचा दात पडला होता तो वरचा की खालचा? हनुवटी तुझ्यासारखी होती की भाऊजींसारखी? सावकाश आठवून लिही. घाई नाही, पण लवकर लिही.

आमच्या आकांक्षाला आठवं वर्ष लागलं. आत्याकडे कधी जायचं म्हणून रोज विचारते. पंचमी माझ्या लक्षात आहे. या आळशी भावाला सांभाळून घे.

तुझा
अंकुश


केळझर
११ सप्टेंबर २०२५

चि. अंकुश यास,
आशीर्वाद.

फ्रॉक निळा, पांढऱ्या टिपक्यांचा. सेलूच्या बाजारातून कापड आणून मीच शिवला होता. केस बाजूने, लाल रिबिनी. दात वरचा असावा. हनुवटीचं मला सांगता येईना. तुझ्या भाऊजींना विचारलं तर म्हणे, तुह्यासारखीच. मग म्हणे, नाई, माह्या मायसारखी. आणि उठून वावरात गेले. कोथिंबीर काढायची आहे म्हणाले. कोथिंबीर परवाच काढून झाली होती.

पण हे सगळं मला काऊन विचारतोस? फोटो तर तुझ्यासमोर आहे. रंग उडाला तरी पोरीची हनुवटी कुठे जाणार? मला तुझी पत्रं बरी वाटत नाहीत. रंग भरून होत नसेल तर राहू दे, आहे तसा परत कर. मला नवा-जुना काही नको, पंचमीला भिंतीवर पोर हवी.

काळजीत असलेली
ताई


पिपरी मेघे
२२ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भाऊजी भाजी घेऊन वर्ध्याला आले आहेत, त्यांच्याबरोबर फोटो पाठवतो आहे. स्वतः यायचं होतं, पण आर्वीकडची कामं अडून बसली आहेत. पट्टी साधी सागवानी लावली, काच नवी आहे. खिळा जुनाच चालेल. कसा वाटला ते कळव.

अंकुश


केळझर
२९ सप्टेंबर २०२५

चि. अंकुश यास,
पोटभर आशीर्वाद.

जिल्हाभर लोकांच्या भिंतीत खिळे ठोकत फिरतोस आणि बहिणीकडे यायला वेळ नाही, म्हणून भांडायचं ठरवलं होतं. पण कागद सोडला आणि मी होते तिथेच बसले. किती स्वच्छ केलास रे. इतकी वर्षं पोर डागांच्या आडून बघत होती, आता समोर येऊन बघते. हे म्हणाले, थोडी आकांक्षासारखी दिसते. मी म्हटलं, दिसणारच, रक्त एकच आहे.

पंचमीला अकरा पोट्ट्या जेवल्या. खीर-पुरी केली होती. दर वर्षी मी काजलपुढे ताट ठेवते आणि पाठ फिरवते, बघवत नाही. या वर्षी समोरच बसले. तासभर तिच्याशी बोलले, घरातलं, शेतातलं, माझ्या कानांचं. शेजारच्या बायका ऐकत होत्या, त्याचीही लाज वाटली नाही.

मागच्या पत्रात तुला उगाच टोचून लिहिलं, ते मनावर घेऊ नकोस. तुझ्या हाताला यश आहे. भाऊबीजेला रंजितावहिनीला आणि आकांक्षाला घेऊन दोन दिवस आधीच ये. लाडू तुझ्यासाठी वेगळे ठेवते.

तुझी
ताई


पिपरी मेघे
४ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र रंजिताने वाचलं आणि म्हणाली, आता सांगून टाका, नाहीतर मी केळझरला जाऊन सांगते. तिचं बरोबर आहे.

भिंतीवर आहे ती काजल नाही. फ्रॉक तिचा आहे, हात तिचे आहेत, पायातले बूट तिचे आहेत. चेहरा तिचा नाही.

ऑगस्टातल्या त्या रविवारी मी फ्रेम उघडली. ओलीने फोटो काचेला चिकटला होता. असे फोटो मी शंभर तरी उघडले असतील. गिऱ्हाइकाचा असला तर आधी काचेवरूनच मोबाइलमध्ये त्याची प्रत काढून ठेवतो, मग हात लावतो. हा नेम मी कधी मोडला नाही. पण हे घरचं काम होतं. घरच्या कामाला कसला नेम, असं वाटलं. पाण्याने कोपरा भिजवला, तो सुटत आला, आणि मी ओढला. चेहरा काचेवर राहिला, तोही तुकड्या-तुकड्यांनी.

तुला सांगायची हिंमत झाली नाही. तू पत्रात लिहिलंस ते सगळं आदेशला सांगितलं, आकांक्षाचे चार फोटो दिले, त्यातून त्याने कम्प्युटरवर चेहरा बनवला. मी मागे उभा राहून, गाल कमी कर, कपाळ मोठं कर, असं सांगत होतो. तेव्हा कळलं की मलाही ती आठवत नाही. माझ्या खांद्यावर बसून गणपतीची टेकडी चढणारी भाची, आणि मामाला तिचं नाक सांगता येईना.

तुला पाहताक्षणी कळेल, तू मला शिव्या देशील, आणि मी एकदाचा मोकळा होईन, असं वाटत होतं. तू आशीर्वाद दिलेस. ते मला पचत नाहीत. ती काच जपून ठेवली आहे. तू सांगशील ते करतो.

माया मागायला तोंड नाही.

तुझा अपराधी
अंकुश


केळझर
१५ ऑक्टोबर २०२५

चि. अंकुश यास,
आशीर्वाद.

पत्र मिळून आठ दिवस झाले, पेन हातात घेववलं नाही. तुझ्या भाऊजींना अजून सांगितलं नाही. ते येता-जाता फोटोकडे बघून हसतात. इतक्या वर्षांत त्या भिंतीकडे बघून हसलेले मी त्यांना पाहिले नव्हते. ते हसू मी काढून घेणार नाही.

मी रागावले नाही असं लिहिणार नाही. खूप रागावले आहे. परक्यांसाठी जी काळजी घेतोस ती माझ्यासाठी घेतली नाहीस, आणि वर दीड महिना मला खेळवत राहिलास. पण तुला मी कडेवर वाढवलं आहे, हा राग कधीतरी उतरेल.

दुसरं आहे ते उतरणार नाही, आणि ते तुझ्यावर ढकलता येत नाही. मला कळलं नाही, अंकुश. नऊ महिने पोटात, सात वर्षं मांडीवर, आणि दुसऱ्याच चेहऱ्यापुढे ताट ठेवून मी तासभर बोलले. तू लिहिलं नसतंस तर मरेपर्यंत बोलत राहिले असते. अठ्ठावीस वर्षं मी रोज तो फोटो बघितला, आणि मला वाटायचं की पोर माझ्या ध्यानात आहे.

ती काच पाठवू नकोस, फेकूही नकोस. या भाऊबीजेला येऊ नका, पुढच्या वर्षी या. आकांक्षाला सांग की आत्याची तब्येत बरी नाही. त्या पोरीचा यात काही दोष नाही, पण सध्या तिला समोर बघणं मला जमणार नाही.

फोटो मी उतरवला नाही. सकाळी त्याच्यासमोर डोळे मिटून उभी राहते, खरी काजल दिसेल म्हणून. तुम्ही बनवलेलीच दिसते.

लोभ आहे. सध्या मागू नकोस.

ताई